सण बघायला जायचंय? मग मुख्य दिवसाच्या आधी पोचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघंही साठीच्या पुढचे, नुकतेच रिटायर झालेले, मुलं आपापल्या जागी सेटल, आणि आता भारतातले मोठे सण त्या त्या गावी जाऊन बघायचेत. यादी पण तयार आहे: कोलकात्याची दुर्गापूजा, काशीची देव दिवाळी, त्रिशूरचा पूरम. टूरबरोबर जावं का आपलं आपण, गर्दी झेपेल का, आणि नुसते फोटो काढून परत यायचं नाहीये, तिथली माणसं रोज कशी राहतात तेही बघायचंय, ते कसं जमवायचं?

काका-काकू, मी बरीच वर्षं सणासुदीला छोटे ग्रुप घेऊन फिरतोय, त्या अनुभवावरून एकच गोष्ट सगळ्यात आधी सांगतो आणि बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. मुख्य दिवसासाठी जाऊ नका, मुख्य दिवसाच्या चार-पाच दिवस आधी पोचा. बहुतेक टूर उलटं करतात, मुख्य दिवसाच्या आदल्या रात्री लोकांना हॉटेलात उतरवतात, दुसऱ्या दिवशी गर्दीत सोडतात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एअरपोर्ट. लग्नघरी हळदीच्या दिवसापासून राहिलेला पाहुणा आणि मुहूर्तावर अक्षता टाकायला आलेला पाहुणा यांच्यात जेवढा फरक असतो तेवढाच इथे पडतो. सण म्हणजे त्या गावाचं रोजचंच जगणं असतं, तीच माणसं, तेच चहावाले, तेच बाजार, फक्त त्या दिवसांत सगळं पणाला लावून केलेलं. त्यामुळे रोजचं न बघता सण बघितला तर लायटिंग दिसतं आणि माणूस दिसत नाही.

आता कोलकात्यापासून सुरू करतो कारण तुमच्या यादीत मला ते सगळ्यात वर ठेवावंसं वाटतं. दुर्गापूजा 2021 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, तेव्हापासून बाहेरचे लोक खूप वाढलेत, आणि अष्टमी-नवमीच्या रात्री मोठ्या पंडालांसमोर अक्षरशः पाय हलवायला जागा नसते, तुमच्या वयात (आणि माझ्याही) तिथे तीन-चार तास उभं राहण्यात काही अर्थ नाही. तुम्ही महालयाला पोचा. महालया म्हणजे आपली सर्वपित्री अमावस्या, त्या पहाटे हुगळीच्या घाटांवर तर्पण करायला लोक गर्दी करतात, आणि त्याच्याही आधी पहाटे चारला घराघरात रेडिओ लागतो, बीरेंद्रकृष्ण भद्रांच्या आवाजातला चंडीपाठ, हा कार्यक्रम 1931 पासून चालत आलाय आणि ज्या घरात वर्षभर कोणी रेडिओला हात लावत नाही त्या घरातही त्या पहाटे तो लागतो, आता मोबाईलवर का होईना. शक्य असेल तर हॉटेलऐवजी उत्तर कोलकात्यात एखाद्या घरगुती गेस्ट हाऊसमध्ये राहा म्हणजे हे तुम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येईल.

मग कुमारटुली, म्हणजे मूर्तिकारांची वस्ती. शोभाबाजार मेट्रो स्टेशनवर उतरायचं आणि चालत जायचं. बांबूचा सांगाडा, त्यावर भाताचं तूस नाही बरं का, पेंढा, सुतळीने आवळून बांधलेला, त्यावर आधी चिकट माती मग बारीक रेताड माती, मग खडूचा पांढरा हात आणि मग रंग, हे सगळे टप्पे एकाच गल्लीत शेजारी शेजारी दिसतात कारण प्रत्येक कारखान्याची गती वेगळी. देवीचे डोळे रंगवायचा मान परंपरेने महालयाचा, त्याला चक्षुदान म्हणतात, आता ऑर्डरी इतक्या असतात की बरेच डोळे आधीच रंगवले जातात पण एखाद-दुसरा म्हातारा कारागीर अजून तो दिवस पाळतो. गल्ल्या अरुंद आहेत, वरून पाऊस टपकत असतो, कारागीर ब्लोअर घेऊन माती वाळवत असतात आणि डेडलाईनच्या टेन्शनमध्ये असतात, तेव्हा कृपा करून वाटेत उभं राहून रील्स बनवणाऱ्यांमध्ये सामील होऊ नका. कॅमेरा खिशात ठेवा, बाजूला उभे राहा, पाच मिनिटांत कोणीतरी स्वतःहून बोलतं. आपल्या पेणच्या कारखान्यांमध्ये गेला असाल तर तुम्हाला कामाची भाषा लगेच कळेल, फक्त तिथे साच्याचं काम कमी आणि हाताचं जास्त.

चतुर्थी-पंचमीच्या सुमाराला सियालदह स्टेशनच्या बाहेर ढाकी जमतात. हे मात्र चुकवू नका. बांकुरा, मुर्शिदाबाद, अशा लांबच्या जिल्ह्यांतून शेतावर राबणारी ही माणसं भलामोठा ढाक खांद्यावर घेऊन येतात, ढाकाला पांढरी पिसं लावलेली, बरोबर बहुतेक वेळा घरातलाच एखादा पोरगा काँसी म्हणजे काशाची थाळी वाजवायला, आणि स्टेशनच्या आवारातच वाजवून दाखवतात की एखादं पूजा मंडळ येऊन ठरवेल म्हणून. तिथे भाव ठरतो, घासाघीस होते, कोणाला लगेच काम मिळतं कोणी संध्याकाळपर्यंत बसून राहतो. पाच दिवस ज्या आवाजावर सगळं शहर नाचतं तो आवाज कुठून येतो, कोणाच्या घरचे सण सोडून येतो, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं, आणि मग अष्टमीला ढाक ऐकताना तुम्ही वेगळ्या कानाने ऐकता. मला तरी हे पंडालांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पंडाल बघायचेच तर पहाटे पाच ते सात. रात्रभर फिरून पब्लिक घरी गेलेलं असतं, झाडूवाले काम करत असतात, मंडळाची दोन पोरं खुर्चीवर झोपलेली, आणि तुम्ही देवीसमोर निवांत उभे. दिवसा जुन्या घराण्यांच्या पूजा बघा, शोभाबाजार राजबाडीची पूजा 1757 पासूनची सांगतात, जानबाजारला राणी रासमणींचं घर आहे, तिथे सगळं ठाकूरदालानात, म्हणजे घरातल्या पूजेच्या दालनात, थीम वगैरे भानगड नाही. संधिपूजेची वेळ पंचांगात बघून ठेवा, अष्टमीची शेवटची 24 मिनिटं आणि नवमीची पहिली 24 मिनिटं, 108 दिवे लागतात, 108 कमळं वाहतात, ही वेळ कधी भर दुपारी येते कधी मध्यरात्री, त्यामुळे आधी बघितलेली बरी.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे धक्का बसणार नाही. आपल्याकडे नवरात्र म्हणजे उपास, तिथे नवमीला मटण. अष्टमीला सकाळी अंजली म्हणजे पुष्पांजली होईपर्यंत काही खात नाहीत, मग लुची (मैद्याच्या पुऱ्या) आणि आलूर दम, मंडपात भोग असेल तर खिचुडी, लाबडा (मिक्स भाजी), बेगुनी (वांग्याची भजी), चटणी, पायेश (खीर), हे सगळं शाकाहारी आणि अप्रतिम असतं. पण बाहेर रोल, मोगलाई पराठा, बिर्याणी यांच्यापुढे रांगा. काकूंचा नऊ दिवसांचा उपास असेल तर अडचण काहीच नाही, फळं, मिष्टी दोई, संदेश सगळीकडे मिळतं, फक्त त्यांच्या देवीभक्तीला आपल्या पट्टीने मोजू नका. देवी म्हणजे लेक, ती चार दिवस माहेरी आलीय तर तिला काय उपाशी ठेवायचं, हा तिथल्या आयांचा सरळ हिशोब असतो आणि मला तो पूर्ण पटतो.

दशमीला विसर्जनानंतर शुभो बिजोया, लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं, पुरुषांची गळाभेट, नारळाचे लाडू आणि निमकी. आपण त्याच संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन घरोघर जातो. तुम्ही चार-पाच पानं बॅगेत घालून नेलीत आणि गेस्ट हाऊसच्या आजींना दिलीत तर पुढचे दोन तास गप्पांत जातील हे मी खात्रीने सांगतो, बऱ्याच ग्रुपबरोबर हे करून बघितलंय.

रोजचं कोलकाता म्हणाल तर ते सकाळी सहा ते नऊ या वेळात असतं. फुटपाथवर गंगेच्या पाण्याच्या नळाखाली आंघोळी, मातीच्या भांड्यातला चहा, भिंतीला लावलेला पेपर वाचणारे, मासळीबाजारात इलिश माशाच्या कल्ल्याखाली बोट घालून बघणारे रिटायर्ड काका. एकच चहाची टपरी पकडा आणि रोज तिथेच जा. पहिल्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक, तिसऱ्या दिवशी 'दादा बोसुन'. हे एका दिवसाच्या मुक्कामात कधीच होत नाही, म्हणूनच तर आधी पोचा म्हणतोय.

आता काशी. इथे मी तुमची यादीच बदलणार आहे. देव दिवाळीची रात्र सुंदर असते यात वादच नाही, सगळे 84 घाट दिव्यांनी भरतात, पण त्या रात्री नावेचे भाव काहीच्या काही चढतात आणि घाटावर पायऱ्या उतरणं वयस्कर माणसांना खरंच धोक्याचं होतं. कार्तिक पौर्णिमेच्या आठ-दहा दिवस आधी जा. आणि इथे पंचांगाचा एक घोळ लक्षात ठेवा. आपला कार्तिक दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतो पण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांचा कार्तिक कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासूनच लागतो. पौर्णिमा दोघांची एकच, म्हणजे देव दिवाळी आणि आपली त्रिपुरी पौर्णिमा एकाच दिवशी, पण कोणी 'कार्तिक लागल्यावर या' म्हणालं तर कोणाचा कार्तिक ते विचारून घ्या. श्रावणाचं पण असंच, तिकडचा सावन आपल्या पंधरा दिवस आधी सुरू.

तर त्या महिनाभर पहाटे अंधारात बायका पंचगंगा घाटावर कार्तिकस्नानाला येतात, आणि संध्याकाळी उंच बांबूंवर टोपलीतले आकाशदिवे दोरीने वर चढवतात, पितरांसाठी. गर्दी नाही, माईक नाही, प्रत्येकजण आपापला दिवा चढवतो आणि घरी जातो. त्याच घाटावर अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला दगडी हजारा दीपस्तंभ आहे, देव दिवाळीला तो पेटतो. विश्वनाथाचं मंदिर त्यांनीच 1780 च्या सुमारास पुन्हा उभं केलं हे आपल्याला माहीत असतं, पण त्या भागात ब्रह्मा घाट, दुर्गा घाट असं चालत गेलात तर जुनी मराठी घरं लागतात, कित्येक पिढ्यांपूर्वी वेदपठणासाठी, पूजाअर्चेसाठी जाऊन राहिलेली कुटुंबं, त्यांची मराठी ऐकायला मिळाली तर नशीब समजा, तिच्यात बनारसी हेल मिसळलेला असतो.

पण काशीला जायची खरी वेळ विचाराल तर माझं उत्तर रामनगरची रामलीला. आपल्याकडे अनंत चतुर्दशीला गणपती बुडतात त्याच दिवशी गंगेच्या पलीकडे रामनगरला ही रामलीला सुरू होते आणि कोजागिरीच्या सुमारास संपते, महिनाभर. काशीनरेश उदित नारायण सिंह यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालत आलेली. स्टेज नाही. गावच अयोध्या, गावच जनकपूर, पंचवटी एकीकडे लंका दुसरीकडे, मैलाच्या अंतरावर, आणि प्रसंग बदलला की पात्रं चालत पुढच्या जागी जातात आणि हजारो माणसं त्यांच्या मागे. माईक नाही, विजेचे दिवे नाहीत, पेट्रोमॅक्स आणि मशाली. संवादाच्या आधी व्यास, म्हणजे लीला चालवणारे, ओरडतात 'चुप रहो! सावधान!' आणि खरोखर सगळं मैदान गप्प होतं. राजे हत्तीवरून येतात, संध्याकाळी मध्येच लीला थांबते कारण त्यांची संध्यापूजा असते, तेवढ्या वेळात लोक चाट खातात, गप्पा मारतात, कोणी डुलकी काढतं.

आणि तिथले नेमी. नेमी म्हणजे दरवर्षी, दररोज येणारे प्रेक्षक. दूधवाले, वकील, साडीचे कारागीर, रिटायर्ड मास्तर, दुपारी आंघोळ करून, कपाळाला गंध, अंगाला अत्तर, काखेत रामचरितमानसाची छोटी पोथी आणि बॅटरी, की रामायणी मंडळी चौपाई म्हणायला लागली की बॅटरीच्या उजेडात ओळीवर बोट ठेवून सोबत म्हणायचं. राम-सीतेची कामं लहान मुलं करतात आणि लीला सुरू असेपर्यंत ती मुलं देवच, म्हातारी माणसं त्यांच्या पाया पडतात. शेवटी आरतीला महताबी पेटवतात, त्या पांढऱ्या उजेडात पाच स्वरूपं, म्हणजे राम, सीता आणि तिघे भाऊ झालेली मुलं, उभी असतात आणि आरडाओरडा करणाऱ्या त्या सगळ्या पब्लिकमध्ये एक माणूस बोलत नाही. मी भारतात जे जे सण बघितले त्यात यापेक्षा खरं काही बघितलेलं नाही, आणि याला तिकीट नाही, व्हीआयपी एन्क्लोजर नाही, जमिनीवर बसायचं. बसायला एक छोटी चटई किंवा फोल्डिंग स्टूल न्या, मच्छरांचं मलम न्या, आणि भरत मिलाप किंवा दसरा असे गर्दीचे दिवस टाळून वनवासाच्या मधल्या एखाद्या साध्या दिवशी जा. ग्रुपमधल्या लोकांना मी कायम सलग दोन-तीन संध्याकाळी नेतो, पहिल्या दिवशी नीट काहीच ऐकू येत नाही म्हणून लोक वैतागतात, दुसऱ्या दिवसापासून ते कुठे उभं राहायचं हे स्वतःच शोधायला लागतात.

त्रिशूरचा पूरम हा वेगळाच मामला आहे. मेडम महिन्यात म्हणजे एप्रिल-मे, आणि तो उकाडा तुम्ही मुंबईचे असलात तरी हलका घेऊ नका. शक्तन तंपुरान या राजाने अठराव्या शतकाच्या शेवटी हा सुरू केला, तिरुवंबाडी आणि पारमेक्काव ही दोन देवस्थानं आमनेसामने, वडक्कुन्नाथन मंदिराच्या भोवतीच्या तेक्किनकाडू मैदानात. टीव्हीवर दिसतं ते कुडमाट्टम, हत्तींच्या पाठीवर रंगीत छत्र्यांची चढाओढ, ते संध्याकाळचं आणि तिथे चेंगराचेंगरी होईल इतकी गर्दी. तुम्ही दुपारचा इलंजितरा मेळम पकडा. इलंजी म्हणजे बकुळ, तिच्या शेजारी अडीचशेच्या आसपास वादक, चेंडा म्हणजे ढोल, झांजा, कोंबू म्हणजे शिंग आणि सनईसारखं कुळल, दोन-अडीच तास, लय टप्प्याटप्प्याने चढत जाते आणि समोरचे लोक हात हवेत उंचावून मात्रा मोजत असतात, सामान्य प्रेक्षक बरं, रिक्षावाले, दुकानदार. ज्या गावात रिक्षावाल्याला कुठला प्रमाणी (मुख्य वादक) कुठल्या वर्षी कसा वाजवून गेला हे पाठ असतं तिथल्या रोजच्या जगण्यात संगीत किती मुरलंय ते वेगळं सांगायला नको.

तरी तुमच्यासाठी माझा सल्ला आदला दिवस आणि नंतरचा दिवस. आदल्या दिवशी आनाचमयम, म्हणजे हत्तींचे नेट्टिपट्टम (कपाळावरचे सोनेरी अलंकार), छत्र्या, मोरपिसांचे आलवट्टम (पंखे), चवऱ्या, सगळं मांडून ठेवतात, अगदी जवळून बघता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पकल पूरम, हा गावातल्या लोकांचा पूरम, बायका-मुलं मोठ्या संख्येने येतात, आणि दुपारी दोन्ही देवस्थानांच्या देवी हत्तींवरून एकमेकींचा निरोप घेतात, पुढच्या वर्षी भेटू म्हणून. मुख्य दिवशी मैदानात पुरुषांचीच गर्दी जास्त असते त्यामुळे काकूंना दुसरा दिवस खूप सुखाचा जाईल. हत्तींबद्दल मात्र मन दोन्हीकडे ओढलं जातं हे कबूल करतो, त्या उन्हात, त्या आवाजात तासनतास उभं राहणं त्या जनावराला सोपं नाही. 2023 मध्ये त्रिशूर जिल्ह्यातल्याच एका देवळाने यांत्रिक हत्ती वापरायला सुरुवात केली, ते मला स्वागतार्ह वाटतं, आणि मेळम ऐकायला हत्ती लागत नाही असं माझं मत आहे.

यादीत नसलेलं एक नाव घाला, कुल्लूचा दसरा. इतर ठिकाणी दसरा संपतो तेव्हा तो सुरू होतो आणि सात दिवस चालतो, खोऱ्यातले दोनशेहून जास्त देव पालख्यांतून धालपूर मैदानात येतात, मनालीची हिडिंबा आल्याशिवाय रघुनाथजींचा, म्हणजे कुल्लूच्या मुख्य देवाचा, रथ हलत नाही. पहिला दिवस सोडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जा, प्रत्येक देवाचा वेगळा तंबू, त्याच्याबरोबर आलेलं गाव तिथेच स्वयंपाक करतं, तिथेच झोपतं, संध्याकाळी देव एकमेकांना भेटायला जातात. तंबूत जाताना चपला आणि चामड्याचा पट्टा बाहेर, पालखीला हात लावायचा नाही. चहा हमखास मिळतो.

टूर की स्वतः? कोलकाता आणि कुल्लू आपलं आपण आरामात. काशीला पहिल्यांदा जात असाल तर एखादा स्थानिक माणूस दोन दिवस सोबत घ्या. त्रिशूरला मात्र देवळाजवळची, चालत जाता येईल अशी राहायची सोय आधी नक्की झाल्याशिवाय जाऊच नका कारण मैदानाभोवतीचा गोल रस्ता त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. टूर घ्यायचीच तर एकच प्रश्न विचारा, मुख्य दिवसाच्या किती दिवस आधी पोचवणार? एक दिवस म्हणाले तर सोडून द्या.

गर्दीचं म्हणाल तर मुख्य दिवशी मोबाईल नेटवर्क बसतं, त्यामुळे दोघांनी आधीच एक ठरावीक जागा नक्की करा, चुकामूक झाली तर तिथेच येऊन थांबायचं. पट्ट्याच्या चपला किंवा बूट, सुटी स्लीपर नको, गर्दीत निघून जाते. बीपी-शुगरच्या गोळ्या दोघांच्या दोन वेगळ्या बॅगांत. बाथरूमसाठी सकाळीच जवळपासचं एखादं स्वच्छ हॉटेल किंवा मिठाईचं दुकान हेरून ठेवायचं, तिथे एकदा खाऊन ओळख करून घेतली की संध्याकाळी कोणी नाही म्हणत नाही.

रेल्वेचं रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीचे 120 दिवस 2024 च्या नोव्हेंबरपासून गेले. काशीला महानगरी, कोलकात्याला गीतांजली, त्रिशूरला नेत्रावती, तिन्ही मुंबईहून थेट. दुर्गापूजा, रामलीला आणि कुल्लू एकाच सुमाराला येतात तेव्हा तिन्ही एका वर्षात कोंबू नका. या वर्षी गणपती विसर्जनानंतर रामनगर, पुढच्या उन्हाळ्यात त्रिशूर झेपलं तर झेपलं, आणि पुढच्या वर्षी महालयापासून दशमीपर्यंत पूर्ण कोलकाता. रामनगरसाठी अनंत चतुर्दशीची तारीख कालनिर्णयमध्ये बघून निघायचा दिवस ठरवा, त्याच्या बरोबर 60 दिवस मागे मोजा आणि त्या दिवशी सकाळी आठला तिकिटाला बसा, कारण पितृपक्षात काशी-गयेला जाणाऱ्यांची गर्दी त्याच गाड्यांना असते.